पहिली फुंकर कुणाची?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत बीडमध्ये एका वाद्यानं घोळ घातला. एका पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. एका अपक्षाच्या वाट्याला आलं ट्रम्पेट, आणि मराठी यादीत त्याचंही नाव पडलं 'तुतारी'. माणसं त्या दुसऱ्या चित्राला सरळ पिपाणी म्हणत होती. निकाल लागला तेव्हा पिपाणीला पन्नास हजारांवर मतं, आणि जिंकून आलेल्या उमेदवाराचं मताधिक्य 6,553. मग शहरातल्या शहाण्यांनी निदान केलं : खेड्यातल्या लोकांना वाद्य ओळखता येत नाही.

साफ खोटं! ज्यांच्या बापजाद्यांनी गावच्या प्रत्येक लग्नात हलगी बडवली, सनई फुंकली, त्यांना वाद्य कळत नाही? पिकलेल्या आंब्याची कोय घासून तिची पुंगी करणारं, पपईच्या देठाची शिट्टी करणारं पोरगं गावागावात आहे. त्याला पिपाणी कुठली आणि तुतारी कुठली ते झोपेतही सांगता येईल. ज्यांना कळलं नाही ते यादी करणारे होते. वाद्याला नाव देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे, त्यांनी ते वाद्य कधी तोंडाला लावलेलं नाही. आणि ज्यांनी तोंडाला लावलं, त्यांना नाव देण्याचा अधिकार नाही. या अंकाचं संपादकीय याच गोष्टीवर आहे.

विषय तसा बारका आहे. आमच्या कलापथकाकडे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून बारा अलगुजं आलीत. करणारा माणूस आमच्या कुणाच्या ओळखीचा नाही. पथकातल्या पोरांनी माझ्यापुढं प्रश्न टाकला : घ्यायची का नाही? आणि हे ठरवायचं कसं?

शहरातल्या दोस्तांसाठी आधी अलगूज म्हणजे काय ते सांगतो. बासरी आडवी धरतात, ओठानं हवेला वळण देतात. ते शिकायलाच महिनोन्‌महिने जातात. अलगूज उभं धरायचं. वेळूची नळी, वरच्या तोंडात लाकडाचं बूच, बुचाच्या एका अंगाला ठेवलेली हवेची बारीक फट. फटीच्या खाली नळीला चौकोनी खिडकी, आणि खिडकीच्या खालच्या कडेला तासून केलेली धार. फुंकलं की हवेचा पातळ पट्टा फटीतून निघतो, धारेवर आपटतो, कधी आत कधी बाहेर असा झुलत राहतो, आणि नळीतली हवा बोलायला लागते. पोलिसाच्या शिट्टीचं, रेफ्रीच्या शिट्टीचं आणि जत्रेतल्या अलगुजाचं मर्म एकच, ती धार. फरक एवढाच की अलगुजाला सहा भोकं असतात आणि त्यातून गाणं निघतं. ओठाची कसरत लागत नाही, म्हणून हे गरिबाचं वाद्य. गुराख्याचं, धनगराच्या पोराचं, जत्रेत हट्ट करणाऱ्या लेकराचं.

आता पोरांनी काय केलं ते ऐका. जुडगा सोडला आणि पहिला प्रश्न आला, "कुणी केलीत?" दुसरा प्रश्न, "आपला आहे का?" कुणीतरी सांगितलं, आपलाच आहे. लगेच एकानं न फुंकताच जाहीर केलं, "जबरदस्त! लोककला आहे ही. सगळी घेऊन टाकू."

मला हसू आलं आणि मग राग आला. गावातला पाटील वाद्य हातात घेतो आणि विचारतो, कुणाचं? उत्तर ऐकून खाली ठेवतो. आमचा शहरातला कार्यकर्ता वाद्य हातात घेतो आणि विचारतो, कुणाचं? उत्तर ऐकून डोक्यावर घेतो. दोघांनीही फुंकलेलं नाही. दोघांच्या लेखी त्या माणसाच्या हाताला किंमत नाही, किंमत आहे ती जातीला. एकानं लाथ मारली, दुसऱ्यानं शाबासकीची भीक घातली. 'आपला माणूस' म्हणून खोटी वाहवा करणं हा अपमानच आहे, फक्त तो गोड आवाजात केलेला असतो. कारागिराला कारागीर म्हणून वागवायचं तर त्याच्या मालाची परीक्षा घ्यावी लागते. नापास करायची तयारी ठेवावी लागते.

म्हणून आम्ही परीक्षा घेतली. दोन दिवस घेतली. ती कशी घेतली ते इथं सविस्तर लिहितो, कारण राज्यात आपली पथकं ठिकठिकाणी आहेत आणि पेटी-ढोलकीच्या पलीकडं कुणी बघत नाही.

पहिली परीक्षा डोळ्याची. वेळू सरळ आहे का, भिंतीची जाडी सगळीकडून सारखी आहे का, आतला पडदा नीट काढून नळी गुळगुळीत केलीय का. वेळू ओला असताना काम केलं तर वाळताना तो चिरतो. म्हणून उजेडाकडं धरून लांबीभर नजर फिरवायची. नख आपटून बघायचं. चिरलेला वेळू बद्द वाजतो. बारीक छिद्रं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर समजा कीड लागलीय, ती आज ना उद्या सगळं खाणार. आमच्या बारापैकी एकाला शेवटच्या भोकापासून बारीक चीर गेलेली होती, वर लाख भरलेली. नापास.

दुसरी परीक्षा भोकांची. भोकं तापलेल्या सळईनं पाडतात. सळई जास्त तापली तर कड जळून खरबरीत होते, कमी तापली तर वेळू फाटतो. बोटाच्या पेरानं भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. भोक मोठं केलं की सूर चढतो. चुकून जास्त चढला तर कडेला मेण लावून उतरवता येतो, पण ज्याच्या प्रत्येक भोकाला मेण आहे त्यानं अंदाजपंचे काम केलेलं असतं. या माणसाच्या बारा अलगुजांत मिळून बहात्तर भोकं. मेण लागलेली फक्त चार. हे बघितलं आणि आम्ही जरा नीट बसलो.

तिसरी परीक्षा श्वासाची. सहाही भोकं बंद करून अगदी हळू फुंकायचं. सगळ्यात खालचा सूर न अडखळता आला पाहिजे. फट जास्त उंच असेल तर वारा फार लागतो आणि आवाज फुसफुसतो; फट फार बारीक असेल तर आवाज दबतो. ती फट साधारण एक मिलिमीटरची. मग तीच बोटं ठेवून जोर वाढवायचा. सूर एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. ही उडी बरोबर दुप्पट उंचीवर पडते का, ते कानानं पारखायचं. इथं दुसरं अलगूज नापास झालं. वरचा सूर चक्क उतरत होता, गाण्यात घेतलं तर पेटीशी भांडलं असतं.

चौथी परीक्षा पाण्याची. पंधरा-वीस मिनिटं सलग वाजवायचं. तोंडाची वाफ फटीत थंड होऊन थेंब धरते आणि चालू गाण्यात शिट्टी मुकी होते. बुचाचं लाकूड फुगून फट आवळते. दुकानात दोन मिनिटं फुंकून वाद्य घेणारा इथंच फसतो. आमच्या तीन अलगुजांचा आवाज वीस मिनिटांनी बसला. झटकली की परत सुरू. चालतील, पण मोठ्या सभेत नेणार नाही.

पाचवी परीक्षा सुराची, आणि इथं मोबाइलवाल्या दोस्तांशी माझं भांडण झालं. त्यांनी सुर मोजायचं ॲप लावलं, काटा थोडा खाली दाखवायला लागला, लगेच म्हणाले बेसूर. अरे, खोलीत एसी लावून बसलात तुम्ही! फुंकवाद्याचा सूर हवेच्या उष्णतेवर चढतो-उतरतो. 20 अंशाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, 40 अंशाला सुमारे 355. म्हणजे साडेतीन टक्क्यांचा फरक. 'सा' पासून कोमल 'रे' पर्यंतचं अंतर जेमतेम सहा टक्क्यांचं. फुंकणाऱ्याच्या श्वासानं नळी आतून तापते, म्हणून हा सगळा फरक जसाच्या तसा उतरत नाही, पण उतरतो. एप्रिल-मेच्या बीडमध्ये पत्र्याखाली बसून जुळवलेलं अलगूज तुमच्या एसीत खाली जाणारच. आधी पाच मिनिटं फुंकून तापवा, मग मोजा. आणि मोजायचं ते एका सुराचं स्थान नव्हे, सुरा-सुरातलं अंतर मोजायचं. अंतरं बरोबर असतील तर 'सा' कुठंही असू दे, वाद्य सुरात आहे. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर आपल्या पट्टीचं कुठलं ते वेगळं काढायचं, बस्स.

सहावी परीक्षा सगळ्यात अवघड : एकाच मापाची दोन अलगुजं एकत्र वाजवायची. एक चांगलं वाद्य नशिबानंही होतं. पण वेळू निसर्गाचा, प्रत्येकाची जाडी वेगळी, पोकळी वेगळी, आणि तरीही दोन अलगुजं एका सुरात बोलली तर तो हात आहे, नशीब नव्हे. आम्ही जोड्या लावल्या. तीन जोड्या अशा जुळल्या की डोळे मिटून बसलेल्या पोराला एक वाजतंय का दोन ते कळेना.

निकाल : बारापैकी सात उत्तम, तीन चालतील, दोन नापास.

हा निकाल घेऊन पथकातले दोघं केजकडं गेले. पोरांना वाटलं, दोन परत केली म्हणून म्हातारा चिडेल. तो हसला. म्हणाला, "ती दोन मला बी ठावं व्हती. पर बाराचा जुडगा करायचा व्हता ना." मग आणखी म्हणाला, "आजवर कुणी वाजवून परत केली नव्हती. न वाजवताच परत करत्यात."

हे वाक्य मी कापून भिंतीला चिकटवलंय.

पोरांनी विचारलं, "मामा, अंकात तुमचं नाव टाकू का?" उत्तर आलं, "नगं. नाव टाकलं की लोक गाव इचारतेत, गाव सांगितलं की आडनाव इचारतेत, आन् आडनाव सांगितलं की शिट्टी खाली ठिवतेत."

म्हणून या लेखात त्याचं नाव नाही. त्याची अलगुजं जत्रेत विकली जातात, भजनी मंडळंही घेतात. ती ज्या हातांतून जातात त्यांना करणाऱ्याचा पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणूनच ती जातात. दिवाळीच्या सुमाराला तो आणि त्याची बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल फेडतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मग वेळू, सळई आणि जत्रा. ज्या हाताला कोयत्याचे घट्टे पडलेत तोच हात एक मिलिमीटरची फट कोरतो.

आता खरी गंमत बघा. तबला घ्या, मृदंग घ्या, ढोलकी घ्या. कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी मढवलं? ते सगळं देवळाच्या बाहेर झालं आणि वाद्य तेवढं गाभाऱ्यापर्यंत पोचलं. कातड्याचं निदान धुतलं-पुसलं म्हणून समाधान करून घेता येतं. पण शिट्टीचं काय करणार? शिट्टी वाजवून बघितल्याशिवाय करताच येत नाही. प्रत्येक भोक पाडलं की फुंकायचं, ऐकायचं, कड तासायची, परत फुंकायचं. म्हणजे जगातल्या प्रत्येक अलगुजात, प्रत्येक बासरीत पहिला श्वास करणाऱ्याचा गेलेला असतो. सोवळ्यात बसलेला जो बुवा डोळे मिटून पावा फुंकतो, तो कुणातरी कारागिराचं उष्टं तोंडाला लावून बसलेला असतो! ज्याला पाणवठ्यावर शिवू दिलं नाही त्याचा श्वास यांच्या ओठाला लागलेला आहे, आणि त्यावर यांचा देव प्रसन्न होतोय. विटाळाचं सगळं शास्त्र एका वीतभर वेळूत फुटतं. म्हणून तर 'कुणी केलं' हे झाकून ठेवावं लागतं. हे अज्ञान नाही. ही सोय आहे.

हे बीडपुरतं नाही. 2020 साली टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातल्या गायकानं मृदंग करणाऱ्या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यातले कितीतरी कारागीर दलित ख्रिश्चन. पुस्तकात गाय, म्हैस, बकरी यांच्या कातड्याची गोष्ट उघड सांगितलेली. प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्रात ठरलेलं, आणि ऐन वेळी संस्थेनं जागेची परवानगी मागं घेतली. मृदंग चालतो. मृदंगाचा जन्मदाखला चालत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला लागले. फरीदसाहेब शिकलगारांपासून त्या घराण्यांची नावं मोठमोठ्या गवयांच्या तोंडी बसली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, अभिनंदन. कारागिराच्या नावानं वाद्य विकलं जाऊ शकतं, त्यानं कुणाचं संगीत बाटत नाही, हे मिरजेनं दाखवलं. मग हलगीच्या कारागिराचं नाव कुठाय? अलगुजाच्या कारागिराचं कुठाय? इंग्लंडात 1843 साली रॉबर्ट क्लार्क नावाच्या शेतमजुरानं पत्र्याची शिट्टी करायला घेतली. आजही त्याच्या नावाची शिट्टी जगभर विकली जाते. तोही मजूर, हाही मजूर. त्यानं आपलं नाव शिट्टीवर छापलं आणि धंदा वाढला. यानं छापलं तर धंदा बसतो. भांडवलशाही तिथंही होती, शोषण तिथंही होतं. पण आडनाव ऐकून शिट्टी खाली ठेवण्याची विद्या ही आपल्या देशाची खास पैदास.

आणि नाव गेलं की पैसाही जातो. 1950 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या काळ्या वस्त्यांतली पोरं अशाच सहा भोकांच्या पत्र्याच्या शिट्ट्या नाक्यानाक्यावर वाजवायची. पास नसला की पोलिसाची गाडी उचलून न्यायची. त्या शिट्ट्यांतून 'क्वेला' नावाचं संगीत जन्मलं. 1958 साली त्यातलं 'टॉम हार्क' हे गाणं इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. वाजवणारी पोरं वस्तीतच राहिली, गाण्यावर नाव लागलं ते रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचं. काळ्याची फुंकर, गोऱ्याची तिजोरी. आमच्याकडं फक्त रंग बदलून जात ठेवा.

आता चळवळीतल्याच एका जुन्या मित्राचा आक्षेप. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. तो म्हणाला, "आपल्या बापांनी हलगी टाकली. वाजवायला येत नाही म्हणून गावानं बहिष्कार घातला, पाणी तोडलं, तरी टाकली. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. आणि तू पोरांच्या हातात परत वाजवायची वस्तू देतोस? वाजंत्री ही आपली गुलामी होती."

मित्रा, बापांनी टाकली ती वेठ. सूर टाकला नाही. सूर टाकला असता तर 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला नसता. वामनदादांनी आयुष्यभर पायपीट केली नसती. अण्णाभाऊ, अमरशेख, गवाणकरांचं लाल बावटा कलापथक 1944 साली उभं राहिलं नसतं. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्या माणसाला संगीत ही गुलामी वाटली नाही. आणि व्यवस्थेलाही आपल्या सुराची ताकद पक्की माहीत आहे. नाहीतर 2015 च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुण पोराला ठार मारलं नसतं.

वेठ आणि काम यांच्यात फरक काय, तो एकदा पक्का करून घेऊ. वेठीत नाही म्हणता येत नाही, कामात येतं. वेठीत मोबदला मालकाच्या मर्जीनं मिळतो, मूठभर धान्य, शिळा तुकडा. कामात दर ठरतो. वेठीत माणसाला जात असते, नाव नसतं. कामात नाव असतं. हे तीन निकष लावा आणि मग सांगा, केजचा हा माणूस आज काय करतोय? नाही म्हणता येतं त्याला? येतं, पण नाही म्हटलं की पुढं कोयताच आहे. दर? जत्रेत चाळीस सांगितले की वीसला मागतात. नाव? ते त्यानं स्वतःच गिळलंय. म्हणजे पाटलाचा वाडा गेला तरी निम्मी वेठ बाजारानं चालू ठेवलीय. ती मोडायची जबाबदारी गिऱ्हाईकावरही येते. तेव्हा कारागिराची परीक्षा झाली, आता आपली.

दराचं बघू. त्याच्या सांगण्याप्रमाणं वेळू निवडण्यापासून जुळवण्यापर्यंत एका दिवसात दोन अलगुजं मनासारखी होतात. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. ही माती उचलायची मजुरी. हमीचा जन्मच मुळी 1972 च्या दुष्काळातला, आणि त्या दुष्काळात बीड-उस्मानाबादच्या माणसांनी खडी फोडलेली आहे. म्हणजे खडी फोडण्याच्या दरानंसुद्धा एका अलगुजाची मजुरी 156 रुपये होते, वेळू-लाकूड-कोळसा वेगळा. वीस रुपयाला अलगूज मागणारा माणूस त्या कारागिराच्या दिवसाला किती किंमत देतो ते करा हिशेब. आणि कान असलेल्या हाताची किंमत खडी फोडणाऱ्या हाताएवढीच का धरायची, हाही प्रश्न आहे. आम्ही उत्तम सातांना प्रत्येकी अडीचशे दिले. चालणाऱ्या तीनांना दीडशे. दोन परत, कारणासकट. घासाघीस केली नाही आणि दानही केलं नाही.

नावाचं काय? त्याला न विचारता आम्ही त्याचं नाव छापून क्रांती करणार नाही. त्याचा जत्रेतला धंदा बसला तर त्याच्या चुलीवर आमचा अग्रलेख शिजत नाही. नाव सांगायचं का नाही हे ठरवणारा तोच. पण एक गोष्ट त्यानं मान्य केली : इथून पुढं प्रत्येक अलगुजाच्या बुचाखाली तो सळईनं तीन आडव्या रेघांची खूण करील. आडनाव नाही, गाव नाही. पण माल चांगला निघाला तर लोक तीन रेघांचं अलगूज मागतील, आणि वाईट निघाला तर तीन रेघांना शिव्या देतील. दोन्ही त्याच्या हक्काचं आहे. ज्या दिवशी गिऱ्हाईक रेघा मागत येईल, त्या दिवशी आडनाव सांगायचं का लपवायचं हे तो ताठ मानेनं ठरवील.

आता तुमच्याकडं वळतो. मुंबई, पुणे, औरंगाबादच्या माझ्या दोस्तांनो, तुमच्यातले पुष्कळ जण मोर्चात घोषणा देतात आणि घरी आल्यावर दुकानातली ब्रँडवाली वस्तू घेतात, कारण ब्रँडवर भरवसा असतो. ब्रँड म्हणजे तरी काय? कुणीतरी अनोळखी हातानं केलेल्या वस्तूवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव. तिथं तुम्ही 'कुणी केलं' विचारत नाही. इथं तेवढं विचारता. ही सवय गावातून शहरात येताना आपण बोचक्यात बांधून आणलीय, आणि ती आपल्याही अंगात आहे. ती काढायची तर अनोळखी माणसाच्या वस्तूची कसून, न लाजता परीक्षा घ्यायला शिकलं पाहिजे. चांगलं असेल तर पूर्ण दाम, वाईट असेल तर तोंडावर परत. समता म्हणजे हेसुद्धा असतं.

पुढच्या हंगामासाठी पथकानं चोवीस अलगुजांची मागणी नोंदवलीय, सगळी एकाच पट्टीची. निम्मे पैसे आधी दिलेत. ती उचल नाही, आगाऊ किंमत आहे; माल पसंत पडला नाही तरी त्याला कुणी ऊस तोडायला नेणार नाही. ज्या पथकांना हवी असतील त्यांनी आपली पट्टी कळवावी. माल आला की सगळ्यांनी एकत्र बसून तपासू. जुडगा सुटल्यावर 'कुणी केलं' हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी तोंडाला लावायचं आणि फुंकायचं.